राबाची राख आणि मक्याचे पान

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या रत्नागिरीकडे तुळशीपुढे कारीट फोडतात, त्याची कडू बी जिभेला लावतात, आणि मग घरात पोह्यांची ताटे मांडली जातात. दहीपोहे, गूळपोहे, कोळाचे पोहे, दडपे पोहे; ज्या घरची जशी रीत. हे पोहे नव्या भाताचे असावेत असा आग्रह अजून पुष्कळ घरांत आहे. पोह्यांचा तो कोवळा वास घेताना वैशाखातल्या धुराची आठवण कोणाला होत असेल असे वाटत नाही. मलाही कधी होत नसे. अलीकडे होते, आणि त्याला कारण झाली एका मुलीची उत्तरपत्रिका.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सहावीच्या वार्षिक परीक्षेत मी एक प्रश्न घातला होता: ‘शेत भाजण्याचे दोन तोटे लिहा.’ दिवस एप्रिलचे होते. पेपर चालू असताना वर्गाच्या खिडकीतून समोरच्या उतारावरचा धूर दिसत होता. कोणाच्या तरी मळ्यात भाजावळ चालली होती. मुलांनी ठरलेली उत्तरे लिहिली. धूर होतो, शेण वाया जाते, झाडे तोडली जातात. एका मुलीने मात्र लिहिले होते, ‘तरव्याला भूक लागू नये म्हणून शेत भाजतात.’ मी त्यावर तांबडी रेघ ओढली, दोनपैकी शून्य गुण दिले आणि समासात शेरा मारला, ‘प्रश्न नीट वाच.’

मास्तराच्या आयुष्यात अशा तांबड्या रेघा हजारो येतात आणि विसरल्याही जातात. ही मात्र पावसाळ्यात परत आली.

शाळेमागच्या परसबागेत त्या जूनमध्ये आम्ही मका लावला होता. जागा नवीन होती. खड्डा बुजवण्यासाठी डोंगर कापून आणलेली तांबडी माती तिथे पसरली होती. भेंडी आणि माठ कसेबसे तगले. मका गुडघ्याएवढा झाला आणि तिथेच अडला. पानांचे शेंडे आणि कडा जांभळट पडल्या. रंग इतका सुरेख की मुलींना वाटले ही काही निराळीच जात असावी! मला वाटले की रोग पडला, किंवा खत कमी पडले. खत म्हटले की आम्हां अर्धवट माणसांना एकच नाव आठवते. दुकानातून युरिया आणला आणि मुठीमुठीने घातला. पाने थोडी गर्द हिरवी झाली. कडेचा जांभळा रंग तसाच राहिला आणि वाढ काही होईना.

त्या मुलीचे आजोबा एकदा कसल्या दाखल्याच्या कामासाठी शाळेत आले. जन्मभर भातशेती केलेले गृहस्थ. काम होईपर्यंत ते परसबागेच्या बांधावर बसले होते. मी जवळ गेलो तेव्हा ते मक्याचे एक पान बोटांत धरून पाहत होते.

“गुर्जी, ह्याला काय घातलंत?” त्यांनी विचारले.

“युरिया घातला, आबा. तरी वाढत नाही.”

“त्यानं पानी मागितलंन आनि तुमी त्याला भाकर दिलीत,” ते हसून म्हणाले. “ह्याला राख हवी. ही तांबडी माती लय चिकट. हिच्या पोटात आसतंय, पन ती सोडत न्हाय.”

आणि मग, जाता जाता, अगदी सहज: “आमी तरवा भाजतो तो काय उगाच?”

नातीच्या उत्तरपत्रिकेतले वाक्य त्यांना ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते. मला मात्र ते अक्षरासकट आठवले. त्यानंतर या विषयावर हाती येईल ते मी वाचत गेलो, शेतकी जाणणाऱ्यांना विचारत गेलो. त्यातून जे गवसले ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

पीक बोलत नाही असे आपण म्हणतो, पण उपाशी पीक बोलते आणि पानाने बोलते. मक्याचे पान लांब, रुंद आणि सरळ शिरांचे असल्यामुळे त्याची बोली इतर पिकांपेक्षा स्पष्ट असते. नत्र कमी पडले की तळाचे, जुने पान आधी पिवळे पडते. पिवळेपणा शेंड्यापासून सुरू होतो आणि मधल्या शिरेवरून देठाकडे पाचरीसारखा उतरतो. पालाश कमी पडले तर मधली शीर हिरवी राहते आणि तळच्या पानांच्या कडा शेंड्यापासून करपत येतात, जणू कोणी विस्तवावर धरल्या आहेत. स्फुरदाची भूक कोवळ्या वयातच दिसते. रोप खुजे राहते, आणि पानाच्या शेंड्याला व कडांना तांबूस-जांभळी छटा येते. मॅग्नेशियम कमी असले तर जुन्या पानांवर शिरांच्या मधून फिकट पट्टे उमटतात. जस्त कमी असेल तर नव्या पानांच्या देठाकडच्या भागात, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पांढुरके पट्टे येतात.

कोणती भूक जुन्या पानावर दिसते आणि कोणती नव्या पानावर, यामागचे कारण मला फार हृद्य वाटले. नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाच्या अंगात एका जागेहून दुसऱ्या जागी जाऊ शकतात. टंचाई आली की जुने पान आपल्याजवळचे काढून वरच्या कोवळ्या पानाला देते आणि स्वतः पिवळे पडते. घरातली आजी जे करते तेच! जस्त, लोह, गंधक यांना असा प्रवास सहजी जमत नाही. त्यांची टंचाई आली की थोरले पान हिरवे राहते आणि धाकटे फिकटते. म्हणून पान पाहताना रंग बघायचाच, पण आधी बघायचे ते पान थोरले की धाकटे.

इथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. जांभळा रंग दिसला म्हणजे स्फुरदच कमी असे डोळे मिटून म्हणता येत नाही. वाफ्यात पाणी साचून मुळे गुदमरली, थंडी पडली किंवा मुळाला कीड लागली तरी तोच रंग येऊ शकतो. काही जातींचा तर तो जन्मजात असतो. म्हणून पान पाहावे, मुळे पाहावीत, पाण्याचा निचरा पाहावा आणि मातीचा नमुना तपासून घ्यावा. आम्ही तसा घेतला. माती आम्लधर्मी निघाली.

पानाची ही बोली शास्त्राने कशी वाचली तो इतिहास फार जुना नाही. झाड मातीतून नेमके काय खाते याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोपातल्या विद्वानांचेही एकमत नव्हते. वनस्पती खनिज द्रव्यांवर जगतात, हे मत कार्ल स्प्रेंगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८२८च्या सुमारास मांडले, आणि युस्टुस फॉन लीबिग याने १८४० साली आपल्या ग्रंथातून ते गाजवले. पीक किती येईल हे मुबलक असलेल्या द्रव्यांवर ठरत नाही, सर्वांत तुटपुंजे जे असेल त्यावर ठरते, हा त्यांचा सिद्धांत. तिकडची पुस्तके तो समजावताना तुटक्या फळीच्या पिंपाचे चित्र काढतात. आपल्याला पिंप नको, भाताचा मळा पुरे. बांध तीन बाजूंनी कितीही उंच घाला. चौथ्या बाजूला जिथे खिंड पडली असेल, तिच्या उंचीएवढेच पाणी मळ्यात राहते. मी युरिया घालत होतो म्हणजे तीन बाजूंचे बांध उंच करत होतो.

पुढे १८६०च्या सुमारास यूलियस झाक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने मातीला पुरती रजा दिली आणि झाडे नुसत्या पाण्यात वाढवली. पाण्यात मोजूनमापून क्षार घालायचे, एखादा मुद्दाम वगळायचा आणि पानावर काय उमटते ते पाहायचे. या प्रयोगांत मकाही होता. कोणते द्रव्य वगळले की पान कसे दिसते, हे त्या काचेच्या बरण्यांतून हळूहळू कळत गेले. जस्ताची गोष्ट तर खास मक्याचीच. १९१४-१५च्या सुमारास फ्रान्समधल्या एका शास्त्रज्ञाने मक्याची रोपे पाण्यात वाढवून दाखवून दिले की अगदी कणभर का होईना, पण जस्त मिळाल्याशिवाय मका वाढत नाही. या गृहस्थांचे आडनाव मराठीत लिहिताना ‘माझे’ असे लिहावे लागते. पिएर माझे! आपल्या लोकांनी त्यांना घरचेच मानायला हरकत नाही.

आपल्या देशात ही ओळख भातावर पटली. उत्तरेकडे तराईच्या भागात भाताची पाने तांबूस तपकिरी होऊन रोपे बसत. काताच्या रंगासारखा तो रंग, म्हणून लोक त्याला ‘खैरा’ म्हणत आणि रोग समजत. पंतनगरच्या कृषी विद्यापीठातील डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ साली दाखवून दिले की हा रोग नाही, जस्ताची भूक आहे. हेक्टरी पाच किलो जस्त सल्फेट आणि अडीच किलो विरलेला चुना पाण्यात मिसळून फवारला की शेत सावरते. ज्याला रोग म्हणून औषधे पाजायची, त्याला खरे म्हणजे चिमूटभर अन्न हवे होते.

आता आपण पुन्हा रत्नागिरीच्या डोंगरउतारावर येऊ. आमची माती जांभ्याची. या दगडाला शास्त्रीय नाव दिले ते फ्रान्सिस ब्यूकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने, मलबारातला असाच दगड पाहून, १८०७ साली. लॅटिन भाषेत वीट या अर्थाचा जो शब्द आहे त्यावरून त्याने ‘लॅटेराइट’ हे नाव बनवले. विटेसारखा कापता येतो आणि उघड्यावर राहिला की टणक होतो, तो हा जांभा. आमची घरे त्याची, गडगे त्याचे, विहिरी त्यातूनच खोदलेल्या. परंतु घराला जो चांगला तो शेताला तितकाच कठीण. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो आणि चुना, पालाश, मॅग्नेशियम धुऊन खाडीला नेतो. मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे; माती तांबडी आणि आंबट होते. ही संयुगे स्फुरदाला अशी मिठी मारतात की मुळांना तो सुटत नाही. आबा म्हणाले होते, ‘हिच्या पोटात आसतंय, पन ती सोडत न्हाय.’ प्रयोगशाळेतल्या माणसाने निराळे काय सांगितले असते?

अशा मातीत आमच्या वाडवडिलांनी भात पिकवला, तो राबाच्या बळावर. शहरातल्या वाचकांसाठी राब म्हणजे काय ते सांगतो. भाताची रोपे, म्हणजे तरवा, आधी छोट्या वाफ्यात वाढवतात आणि आषाढात उपटून मोठ्या खाचरात लावतात. लावायच्या क्षेत्राच्या साधारण दहावा हिस्सा जागा तरव्याला लागते. या दहाव्या हिश्श्यावर चैत्र-वैशाखात थर रचायचे. खाली शेण, त्यावर कवळ म्हणजे ऐन-किंजळीच्या तोडून वाळवलेल्या डहाळ्या, त्यावर गवत आणि पातेरा, आणि सर्वांत वर बारीक मातीचा पातळ हात. वारा पडला की वाऱ्याच्या उलट्या अंगाने विस्तव लावायचा, म्हणजे आग धावत नाही, धुमसत जाते. वरची माती त्याचसाठी. जाळ दिसला तर राब बिघडला असे जुनी माणसे म्हणतात. मग पहिल्या पावसापर्यंत ती राख जपायची आणि त्या भाजक्या भुईत भात पेरायचे.

वरवर पाहता हा केवढा अपव्यय! शेण जाळले, पाला जाळला, डोंगर बोडका केला. एकोणिसाव्या शतकात जंगल खात्याच्या अधिकाऱ्यांना नेमके हेच वाटले. १८७८ साली जंगलाचा कायदा झाला, जंगले राखीव होऊ लागली आणि कवळ तोडणे हा पुष्कळ ठिकाणी गुन्हा ठरू लागला. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी राखीव जंगल थोडे. इथे कवळ येई ती बहुधा वरकस जमिनीतल्या झाडांची. झळ बसली ती मुख्यतः वरच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांना. तिथली गाऱ्हाणी इतकी वाढली की १८८५ साली सरकारला मुंबई इलाख्याचे जंगल कमिशन नेमावे लागले. १८८७ साली त्याचा अहवाल आला. त्या चौकशीत राब हा एक मोठा प्रश्न होता. एका बाजूला झाड वाचले पाहिजे म्हणणारा अधिकारी, दुसऱ्या बाजूला कवळ मिळाली नाही तर तरवा येणार नाही आणि तरवा आला नाही तर वर्ष उपाशी जाईल म्हणणारा कुणबी. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. पण एकाच्या हाती कायद्याचे पुस्तक होते आणि दुसऱ्याच्या हाती कोयता.

याच सुमारास, १८८३ साली, महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. डोंगरावरचा पालापाचोळा कुजून त्याचे सत्त्व पावसाबरोबर शेतात उतरते ही गोष्ट त्यांनी त्या ग्रंथात ध्यानात आणून दिली, आणि जंगल खात्याने रयतेची कशी कोंडी केली तेही परखडपणे सांगितले. शेताचे अन्न शेताच्या बाहेरून, डोंगरावरून येते, हे त्यांनी ओळखले होते. राब हा त्याच व्यवहाराचा एक प्रकार.

सरकारी बाजूलाही विचार करणारी माणसे नव्हती असे नाही. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे प्रमुख ओझॅन यांनी लोणावळ्याला राबाचे प्रयोग करून पाहिले. राब केलेल्या वाफ्यातला तरवा सरस येतो हे तिथे दिसून आले. डिसेंबर १८८९मध्ये इंग्लंडहून डॉ. जॉन ऑगस्टस व्होएल्कर हे शेतीचे रसायनतज्ज्ञ भारतात आले. वर्षभर देश हिंडून त्यांनी लिहिलेला अहवाल १८९३ साली छापला गेला. त्यात त्यांनी राबाची दखल घेतली आहे. आणि एक गोष्ट त्यांनी निःसंकोचपणे लिहिली: हिंदी शेतकरी अडाणी आहे हा समज चुकीचा आहे, आणि काही बाबतींत तो सामान्य इंग्रज शेतकऱ्यापेक्षा वरचढ आहे. परक्या राज्यातल्या सरकारी अहवालात हे छापून यावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पण राबाने होते काय, याचा नीट शोध घेतला गेला तो पुण्याच्या शेतकी कॉलेजात. डॉ. हॅरल्ड मॅन हे तिथे १९०७ साली प्राचार्य म्हणून आले. पिंपळे सौदागर या गावाची त्यांनी पुढे केलेली पाहणी अभ्यासकांना ठाऊक आहे. त्यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्यासह राब पद्धतीवर काम केले आणि १९१२ साली तो प्रबंध प्रसिद्ध झाला. नुसती राख आणून टाकली तर राबाएवढा गुण येत नाही, मातीला जी आच लागते तिचाही त्यात मोठा वाटा आहे, असे त्यातून पुढे आले. आचेने मातीतले अडकलेले अन्न विरघळण्याजोगे होते. तणाचे बी जळते ते निराळेच. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडच्या प्रयोगशाळेत रसेल आणि हचिन्सन यांनी माती तापवण्याचे प्रयोग नुकतेच, १९०९मध्ये, प्रसिद्ध केले होते. तापवलेल्या मातीत अमोनिया वाढतो आणि पीक जोमाने येते असे त्यांना आढळले. त्यांनी काचेच्या भांड्यात जे पाहिले, ते कोकणातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या उघड्या वाफ्यात करत आली होती.

आज आपण याचा हिशेब थोडा अधिक मांडू शकतो. शेण आणि पाला जळताना त्यांतले नत्र आणि गंधक बव्हंशी धुराबरोबर जाते; तेवढे नुकसान खरेच. राखेत उरतात पालाश, चुना, मॅग्नेशियम आणि थोडा स्फुरद. ही राख आंबट मातीचा आंबटपणा मोडते आणि मातीची स्फुरदावरची मिठी सैल होते. आणखी एक मौज अशी की भाताच्या खाचरात पाणी साचले की मातीचा आंबटपणा आपोआप कमी होतो आणि स्फुरद सुटू लागतो. म्हणजे लावणी झालेल्या भाताची ही भूक पाणी बरीचशी भागवते. भागत नाही ती पाणी न साचलेल्या वाफ्यातल्या कोवळ्या तरव्याची. आपल्या पूर्वजांनी राख घातली ती नेमकी तिथे, त्या दहाव्या हिश्श्यावर! आणि आमचा मका? तो तर जन्मभर कोरड्या उंचवट्यावरचा. त्याला पाण्याची ही मदत कधीच मिळणार नव्हती. म्हणून तो जांभळा झाला.

मग सगळे जुने ते सोने म्हणून राब असाच चालू ठेवावा काय? असे मला म्हणायचे नाही. डोंगर बोडके झाले हे खोटे नाही. धुराने डोळे चुरचुरतात, आणि वणवा लागून काजू-आंब्याच्या बागा जळतात हेही आपण पाहतो. भूक ओळखण्यात जुनी माणसे चुकली नव्हती. उपाय त्यांनी हाताशी होता तो केला. हाताशी दुसरे काही आले की उपाय बदलता येतो, मात्र भूक कोणती हे लक्षात ठेवूनच.

तसे बदल झालेही. १९५१ साली सिंद्रीच्या कारखान्यातून अमोनियम सल्फेट निघू लागले. त्याच सुमारास बोरिवलीच्या कोरा केंद्राने जपानी भातशेतीचा प्रचार सुरू केला आणि १९५३पासून तो देशभर पसरला. गादीवाफ्यावर तरवा, ओळीत लावणी, मोजून खत. राब न करताही तरवा येतो हे पुष्कळांनी तेव्हा प्रथम पाहिले. १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ निघाले आणि कोकणच्या मातीचा विचार कोकणात बसून होऊ लागला. पण त्याच काळात युरियाचे पोते स्वस्त आणि सोपे होऊन घराघरांत आले, आणि पान पाहायची सवय मोडत गेली. पाऊस पडो, न पडो, पान पिवळे असो, जांभळे असो, मूठ एकच. कोसळत्या पावसात फेकलेला युरिया किती खाचरात राहतो आणि किती वहाळाला जातो, हे ज्याने आषाढातला वहाळ पाहिला आहे त्याला सांगायला नको.

यावर तोड म्हणून डॉ. एन. के. सावंत यांनी चारसूत्री भातशेती मांडली. तिचे दुसरे सूत्र गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडण्याचे, तिसरे आखलेल्या अंतरावर लावणी करण्याचे. चौथे सूत्र म्हणजे युरिया आणि डीएपी यांची अडीच-पावणेतीन ग्रॅमची गोळी चार चुडांच्या मधोमध चिखलात खोल खोचायची, म्हणजे खत पाण्याबरोबर वाहून जात नाही. पहिले सूत्र मी मुद्दामच शेवटी ठेवले. भाताच्या पिकातून जे उरते ते भातालाच परत द्यायचे: पेंढा खाचराला आणि तुसाची काळी राख तरव्याच्या वाफ्याला. तिच्यातून रोपाला पालाश मिळते, सिलिका मिळते. म्हणजे फिरून राख तरव्याच्या वाफ्यात आली. तिच्यासाठी ऐन तोडावा लागला नाही इतकेच.

आता आमच्या मक्याची हकीकत पुरी करतो. आबांनी घरच्या चुलीची राख पिशवीतून पाठवली. कृषी सहायकांच्या सल्ल्याने मुळांजवळ चर काढून शेणखताबरोबर सुपर फॉस्फेट दिले आणि पाणी जावे म्हणून वरंबे उंच केले. जी पाने जांभळी झाली होती ती तशीच राहिली. झालेली भूक मागे फिरत नाही. पण पंधरवड्याने वर जी नवी पाने आली ती हिरवीगार होती. ऑगस्टात पावसाची मोठी झड येऊन गेली आणि तळच्या पानांवर मधल्या शिरेवरून पिवळी पाचर उतरू लागली. या खेपेला मुलांनीच ती ओळखली. मग युरिया दिला, अगदी थोडा, दोन वेळा, बुंध्यापासून चार बोटे दूर, मातीआड करून. तोच युरिया, पण आता त्याची वेळ होती.

गणपतीनंतर कणसे काढली. काहींचे शेंडे दाण्यांवाचून बोडके राहिले होते; भुकेचे ते दिवस मक्याने लिहून ठेवले होते. तरी मुलांनी ती भाजून, मीठ-लिंबू लावून चवीने खाल्ली.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी कपाटातला जुना गठ्ठा सोडला. शाळेच्या दप्तरी नोंदवलेले गुण काही बदलता येत नाहीत. पण ती उत्तरपत्रिका शोधून मी त्या मुलीला बोलावले, माझा शेरा खोडला आणि तिच्या वाक्याखाली लिहिले, ‘उत्तर बरोबर आहे. प्रश्न अपुरा होता.’ तिने ते वाचले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “गुरुजी, हे आबांना दाखवू?”

दुसऱ्या दिवशी ती येताना पुडीत बांधून पोहे घेऊन आली. नव्या भाताचे होते.